पुणेरी पलटणचे अजिंक्यपद (२०२३–२४)

प्रो कबड्डी लीग या अखिल भारतीय व्यावसायिक स्पर्धेच्या दहाव्या हंगामात पुणे शहराच्या नावाने खेळणाऱ्या संघाने मिळविलेले पहिले विजेतेपद. हा हंगाम २ डिसेंबर २०२३ रोजी अहमदाबाद येथे सुरू झाला आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादच्या गच्चीबावली भागातील बंदिस्त क्रीडागारात संपला. अंतिम सामन्यात पुणेरी पलटणने हरयाणा स्टीलर्सचा २८–२५ असा पराभव केला. महाराष्ट्रातील संघाने ही स्पर्धा जिंकण्याची ही दुसरी वेळ होती. यापूर्वी २०१५ मध्ये मुंबईच्या यू मुंबा संघाने बंगळूरू बुल्सला ३६–३० असे हरवून विजेतेपद मिळविले होते. हुतुतूचे घर समजल्या जाणाऱ्या प्रदेशाला आपल्याच खेळाच्या व्यावसायिक स्पर्धेत दहा हंगामांत केवळ दोनदा यश यावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. तिचा उलगडा होण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

हुतुतू, हाडुडू, चेडुगुडु अशा अनेक नावांनी हा खेळ भारतभर खेळला जात असला, तरी त्याला नियमांची चौकट देण्याचे काम मुख्यतः मराठी मुलखात झाले. बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होतो तो संजीवनी, सर्व संघ बाद होईपर्यंत गडी बाहेरच बसतो तो गामिनी, आणि कोणीही बाहेर न जाता केवळ गुण मोजले जातात तो अमर, असे या खेळाचे प्रकार गावोगावी रूढ होते. आजची कबड्डी संजीवनीवर आधारलेली आहे. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ मध्ये नियम प्रसिद्ध करून अखिल भारतीय स्पर्धा भरविल्या. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची जी प्रात्यक्षिके दाखविली, त्यांत या खेळाचाही समावेश होता. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला व १९५२ मध्ये मद्रास येथे पहिल्या राष्ट्रीय स्पर्धा झाल्या. महाराष्ट्रात या खेळाची संघटना उभी करण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या शंकरराव तथा बुवा साळवी यांचा १५ जुलै हा जन्मदिवस राज्यात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. [⟶ कबड्डी].

या साऱ्या काळात खेळाडू हौशीच होता. मुंबईच्या गिरणगावातील मंडळे, कोकणातील व घाटावरील तालमी, आणि पुढे रेल्वे, पोलीस, बँका व मोठ्या कंपन्या यांचे संघ अशी त्याची वाटचाल असे. खेळाचे मोल पैशात मिळत नसे. ते नोकरीत मिळत असे. चांगल्या चढाईपटूला कारखान्यात किंवा बँकेत चिकटवून घेतले की तो त्या आस्थापनेच्या संघाकडून खेळे, आणि खेळ सुटल्यावरही नोकरी राही. ही व्यवस्था आज जुनाट वाटली, तरी तिने तीन-चार पिढ्यांची घरे चालविली, हे विसरता येत नाही.

खेळाडूला पैसा द्यावा की नाही, हा प्रश्न इतर देशांतही तीव्रतेने उपस्थित झालेला आहे. इंग्लंडच्या उत्तर भागातील रग्बी मंडळांमध्ये खाणकामगार व गिरणीकामगार खेळत. सामन्यासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई त्यांना मिळावी, ही मागणी मान्य न झाल्याने २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथे या मंडळांनी मूळ संघटनेतून बाहेर पडून स्वतंत्र संघटना स्थापन केली. तीतूनच पुढे तेरा खेळाडूंचा रग्बी लीग हा निराळा खेळ उदयास आला. मूळ पंधरा खेळाडूंच्या रग्बीने व्यावसायिकता मान्य केली ती थेट शंभर वर्षांनी, १९९५ मध्ये. कबड्डीत असा दुभंग झाला नाही. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीग सुरू झाली, तेव्हा तिला दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण, मॅटचे मैदान आणि लिलावाची पद्धत हे सर्व एकदमच मिळाले, आणि राष्ट्रीय महासंघाच्या मान्यतेनेच मिळाले. धडपडणाऱ्या शरीरांचा, अंगाला अंग भिडण्याचा हा खेळ पडद्यावर इतका शोभेल, असे त्याच्या जुन्या जाणकारांनाही वाटले नव्हते.

पलटणची वाटचाल : इन्शुअरकोट स्पोर्ट्स या संस्थेच्या मालकीचा पुणेरी पलटण हा संघ पहिल्या हंगामापासून स्पर्धेत आहे. त्याचे पहिले दोन हंगाम तळाच्या स्थानावर गेले. तिसऱ्या व चौथ्या हंगामांत त्याने तिसरे स्थान मिळविले, त्यानंतर मात्र संघ पुन्हा कधी बाद फेरीपर्यंत, कधी त्याच्याही आत अडखळत राहिला. नामवंत खेळाडू विकत घ्यावेत आणि हंगाम संपताच सोडून द्यावेत, हे इतर संघांप्रमाणे पुण्यानेही केले. परंतु याच काळात संघव्यवस्थापनाने युवा पलटण या नावाने तरुण खेळाडू घडविण्याची यंत्रणा उभी केली, आणि २०२३–२४ च्या यशाचे मूळ लिलावाच्या मंडपापेक्षा या यंत्रणेत अधिक आहे, असे म्हणावे लागते. अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, संकेत सावंत, अबिनेश नादराजन, गौरव खत्री हे सर्व विशी-पंचविशीतील खेळाडू एकमेकांच्या संगतीत वाढले. या खेळात त्याला विशेष अर्थ आहे. सात जणांनी हातात हात गुंफून साखळी करावयाची, तर शेजारचा केव्हा झेप घेणार हे न बोलता कळावे लागते.

नववा हंगाम पुण्याच्या हातून अगदी शेवटी निसटला. साखळीत दुसरे स्थान, उपांत्य फेरीत तमिळ थलैवाजवर ३९–३७ असा निसटता विजय, आणि १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात जयपूर पिंक पँथर्सकडून २९–३३ असा पराभव, असा तो क्रम होता. अस्लम इनामदार व मोहित गोयत हे दोन प्रमुख चढाईपटू दुखापतींमुळे त्या अंतिम सामन्यात खेळू शकले नव्हते. चार गुणांचा तो पराभव त्यांच्या अनुपस्थितीमुळेच झाला, असे निश्चितपणे सांगता येणार नाही. पण संघाने पुढील वर्षी तीच जोडी कायम ठेवून, तिच्या मागे अधिक भक्कम बचाव उभा करण्याचे ठरविले, यावरून संघचालकांचे निदान काय होते ते कळते. प्रशिक्षक बी. सी. रमेश यांनाही कायम ठेवण्यात आले. स्वतः राष्ट्रीय संघातून खेळलेले आणि अर्जुन पुरस्काराचे मानकरी असलेले रमेश यांनी २०१९ मध्ये बेंगॉल वॉरियर्सला विजेतेपद मिळवून दिले होते. नवव्या हंगामाचा कर्णधार, इराणचा फजल अत्राचली, याला मात्र सोडण्यात आले व कर्णधारपद चोवीस वर्षांच्या अस्लम इनामदारकडे सोपविण्यात आले.

अस्लम हा अहिल्यानगर (तत्कालीन अहमदनगर) जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यातील टाकळीभानचा. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपले, आईने मोलमजुरी करून घर चालविले, आणि थोरल्या भावाच्या पाठोपाठ तो मैदानावर आला. हे वर्णन महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यातील कितीतरी खेळाडूंना लागू पडेल. शेजारच्या बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यातील मांडवा येथे वाढलेला अविनाश साबळे हा त्याच पिढीचा. त्याला सैन्यदलातील भरतीने वाट दाखविली. धावण्याची शर्यत तो तेथेच शिकला. अस्लमला ती वाट व्यावसायिक संघाच्या निवड चाचणीतून मिळाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनमधील हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धांत हे दोघेही होते. साबळेने १ ऑक्टोबर रोजी ३,००० मी. अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. त्यानंतर सहा दिवसांनी भारतीय कबड्डी संघाने सुवर्णपदक मिळविले, आणि त्या संघात अस्लम इनामदार व नाशिकचा आकाश शिंदे हे पलटणचे दोन खेळाडू होते.

हांगझोऊचा तो अंतिम सामना कबड्डीच्या इतिहासात वादासाठी लक्षात राहील. २०१८ मध्ये जकार्ता येथे इराणने उपांत्य फेरीत भारताला २७–१८ असे हरवून या खेळातील भारताची अबाधित सत्ता मोडली होती, त्यामुळे या लढतीला आधीच धार चढलेली होती. गुण २८–२८ असे बरोबरीत असताना आणि दोन मिनिटांहूनही कमी वेळ उरलेला असताना पवन सेहरावतच्या चढाईवरून नियमाच्या अर्थाचा प्रश्न निघाला. पंचांचे निर्णय फिरले, दोन्ही संघांनी मैदानावर ठाण मांडले आणि खेळ सुमारे तासभर थांबला. अखेर भारत ३३–२९ असा विजयी झाला. इराणच्या बचावफळीत त्या दिवशी मोहम्मदरझा शादलू हा तरुण डावा कोपरारक्षक होता. त्यानंतर दोनच दिवसांनी, ९ ऑक्टोबरपासून मुंबईत दहाव्या हंगामासाठी लिलाव झाला आणि पुणेरी पलटणने शादलूवर २ कोटी ३५ लाख रुपयांची बोली लावून त्याला घेतले.

संघबांधणीसाठी प्रत्येक संघाला पाच कोटी रुपयांची मर्यादा होती. म्हणजे पुण्याने जवळजवळ अर्धी थैली एका बचावपटूसाठी रिकामी केली. या स्पर्धेत तोवर मोठी रक्कम चढाईपटूंच्या वाट्याला येई, कारण प्रेक्षक चढाई पाहायला येतात. त्याच लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले आणि तो संघ हंगामाच्या अखेरीस तळाशी राहिला. पुण्याला एवढी चैन परवडली ती इतर खेळाडू घरचेच असल्यामुळे. स्वतः घडविलेल्या तरुणांना राखून ठेवण्यास तुलनेने कमी पैसा लागतो, आणि उरलेल्या पैशांत एखादी मोठी उणीव भरून काढता येते. हा हिशोब साधा असला, तरी तो साधण्यासाठी तीन-चार वर्षे आधी सुरुवात करावी लागते.

हंगाम : बारा संघ आणि प्रत्येकाशी दोन सामने, या पद्धतीने प्रत्येक संघास साखळीत २२ सामने खेळावयाचे होते, एकूण साखळी सामने १३२. मागील दोन हंगामांत रोगसाथीमुळे सामने एका किंवा मोजक्याच शहरांत घेण्यात आले होते. या वर्षी स्पर्धा पुन्हा बाराही शहरांत फिरली. अहमदाबादहून बंगळूरू, पुणे, चेन्नई, नोएडा, मुंबई, जयपूर, हैदराबाद, पाटणा, दिल्ली, कोलकाता व पंचकुला असा तिचा प्रवास झाला. पुण्याचे सामने डिसेंबरच्या मध्यास बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाले. विजयास पाच गुण, बरोबरीस तीन, आणि सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने झालेल्या पराभवास एक, अशी गुणपद्धती होती.

४ डिसेंबर रोजी पहिल्याच सामन्यात पुण्याने गतविजेत्या जयपूरला ३७–३३ असे हरविले. मागील वर्षाच्या अंतिम लढतीचेच ते दोन संघ होते, व या वेळी अस्लम मैदानावर होता. पुढील तीन महिन्यांत हे दोन संघच गुणतक्त्याच्या शिखरासाठी झगडत राहिले. साखळी संपली तेव्हा पुण्याचे १७ विजय, २ पराभव व ३ बरोबरी अशी स्थिती होऊन ९६ गुण झाले, जयपूरचे ९२. पुण्याच्या गुणांचा हिशोब केल्यास एक गोष्ट ध्यानात येते. १७ विजयांचे ८५ आणि बरोबरींचे ९ मिळून ९४ होतात; उरलेले २ गुण पराभवांतून आलेले आहेत. म्हणजे ज्या दोन सामन्यांत पुणे हरले, त्यांतही ते सातपेक्षा अधिक गुणांनी मागे पडले नाही. साखळीत पूर्णतः निष्प्रभ झाला असा या संघाचा एकही दिवस नव्हता. केलेले व दिलेले गुण यांतील फरकही अडीचशेहून अधिक होता. दुसऱ्या संघांच्या तुलनेत हा आकडा फार मोठा आहे; अंतिम सामन्यात पुण्यासमोर उभ्या राहिलेल्या हरयाणाच्या बाबतीत हा फरक शून्याच्याही खाली होता.

या वर्चस्वाचे कारण खेळाच्या पद्धतीत शोधावे लागते. १३ × १० मी.च्या मैदानावर चढाईपटूला एका चढाईसाठी तीस सेकंद मिळतात. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण मिळवावाच लागतो. न मिळाल्यास चढाईपटू बाद होतो. या नियमामुळे दोन प्रकारचे संघ तयार झाले आहेत. काही संघ एका आघाडीच्या चढाईपटूवर विसंबतात. तो बाद होऊन बाहेर बसला की त्यांचा खेळ थंडावतो. पुण्याने हे केले नाही. अस्लम, मोहित, पंकज मोहिते व आकाश शिंदे यांपैकी कोणीही चढाईला जाई, आणि त्यांतील पहिले दोघे पकडीतही तेवढेच तरबेज होते. स्पर्धेतील सर्वाधिक चढाई गुणांचा मान दबंग दिल्लीच्या आशु मलिकला २७६ गुणांसह मिळाला. त्या यादीच्या शिखराजवळ पुण्याचा कोणीही नव्हता. अव्वल नंबर नसलेल्या चार चढाईपटूंचा संघ पहिला आला, ही या हंगामातील शिकवण जाणकारांनी नोंदवून ठेवली आहे.

बचावात डाव्या कोपऱ्यात शादलू, उजव्या कोपऱ्यात गौरव खत्री, आणि मधल्या जागांवर अबिनेश नादराजन व संकेत सावंत अशी मांडणी होती. शादलूची धाटणी परंपरागत कोपरारक्षकापेक्षा निराळी. कोपऱ्यावरच्या गड्याने चढाईपटूची वाट पाहावी, तो बोनस रेषेकडे झुकला की घोटा धरावा, ही आपल्याकडील शिकवण. शादलू वाट पाहत नसे. चढाईपटू मध्यरेषेकडे परतू लागताच तो अंगावर धावून जाई, आणि त्यात कधीकधी आपणच बाद होई. ही जोखीम पुण्याला पेलली, कारण त्याच्या मागे राहणारे तिघे शिस्तीचे होते. त्याने हंगामात पकडीचे ९९ गुण मिळविले व सर्वोत्कृष्ट बचावपटूचा मान पटकाविला. एका हंगामात पकडीचे शंभर गुण सहाव्या हंगामात नितेश कुमारने मिळविले होते. शादलू त्याच्या एक गुण मागे राहिला. दोन महिन्यांपूर्वी ज्यांच्याशी तासभर हुज्जत घातली, त्याच अस्लम आणि आकाश यांच्या खांद्याला खांदा लावून तो खेळला. व्यावसायिक खेळातील ही तडजोड काहींना रुचत नाही. पण लोण चढविल्यानंतर एकमेकांना उचलून घेणारे हे खेळाडू पाहिलेल्यांना तीत खोटेपणा दिसला नसावा.

या संदर्भात एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. डिसेंबर ते मार्च हा महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या गळिताचा काळ. बीड जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर, आष्टी, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतून ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. ज्या महिन्यांत शाळांच्या मैदानांवर स्पर्धा होतात, नेमक्या त्याच महिन्यांत ही मुले गावाबाहेर असतात. गावातल्या मातीवर हुतुतू खेळून अंग कमावलेला मुलगा जिल्हा निवडीच्या दिवशी कोठल्यातरी फडावर असेल, तर त्याचे नाव कोणत्याही यादीत येत नाही. व्यावसायिक लीगने गुणी मुलांसाठी नवी दारे उघडली, हे खरेच. परंतु दारापर्यंत पोचण्याची वाट अजून जिल्हा संघटना, शाळा आणि तालमी यांच्याच हाती आहे.

अखेरची फेरी : साखळीत पहिल्या दोन क्रमांकांवर आलेल्या पुणे व जयपूर यांना थेट उपांत्य फेरीत प्रवेश मिळाला. तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाचे संघ आधी आपसांत भिडले. त्यांत पाटणा पायरेट्सने दबंग दिल्लीला ३७–३५ असे, तर हरयाणा स्टीलर्सने गुजरात जायंट्सला ४२–२५ असे हरविले. २८ फेब्रुवारी रोजी पुण्याने पाटण्याचा ३७–२१ असा सहज पराभव केला. तीन वेळा विजेता ठरलेल्या आणि शादलूला घडविणाऱ्या पाटण्याविरुद्धचा हा विजय होता. त्याच दिवशी हरयाणाने जयपूरला ३१–२७ असे नमवून सर्वांना चकित केले. पुणे आणि जयपूर पुन्हा अंतिम फेरीत भेटतील, हा अंदाज त्यामुळे चुकला.

अंतिम सामन्याच्या दोन्ही बाजूंना महाराष्ट्राची माणसे होती. हरयाणाच्या चढाईचा भार कोल्हापूर जिल्ह्याच्या सिद्धार्थ देसाईवर आणि तरुण शिवम पठारेवर होता. पुण्याच्या बाजूने मोहित गोयत व गौरव खत्री हे उत्तरेकडचे. शहराच्या नावाचा संघ म्हणजे त्या शहराच्या मुलांचा संघ नव्हे, हे अशा वेळी स्पष्ट होते. तरीही टाळ्या शहराच्या नावालाच पडतात. हरयाणाचे प्रशिक्षक मनप्रीत सिंग हे स्वतः पाटण्याचे कर्णधार म्हणून विजेते झालेले; कर्णधार जयदीप दहिया व त्याच्या साथीदारांची बचावफळी कसदार होती. सामना आरंभापासून आखडता राहिला. दोन्ही संघ बाद होण्यापेक्षा रिकामे परतणे पसंत करीत होते, आणि गुण एकेकाने वाढत होते.

पूर्वार्ध संपण्यास थोडा अवधी असताना पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण मिळविले. तीन किंवा अधिक गुणांच्या अशा चढाईस अव्वल चढाई म्हणतात. पंकज हा सातव्या हंगामापासून, म्हणजे २०१९ पासून पलटणमध्ये होता. अस्लम व मोहित यांच्या छायेत तो बहुधा तिसरा चढाईपटू म्हणून ओळखला जाई. मागील वर्षी त्या दोघांच्या अनुपस्थितीत उपांत्य सामना त्यानेच ओढून नेला होता. या चढाईने मध्यंतरास पुणे १३–१० असे पुढे गेले, आणि हरयाणाचे मैदान एवढे रिकामे झाले की उत्तरार्धाच्या प्रारंभीच पुण्याने लोण चढविला. लोणचे दोन अधिक गुण आणि त्यातून आलेली आघाडी हीच अखेर निर्णायक ठरली. हरयाणाने शेवटच्या मिनिटांत अंतर तीन गुणांपर्यंत आणले. त्यापुढे ते गेले नाहीत. पंकज मोहितेने सामन्यात सर्वाधिक ९ गुण मिळविले, मोहित गोयतने ५. संपूर्ण हंगाम गाजविलेला अस्लम त्या दिवशी फारसा चमकला नाही, आणि संघाला त्याची झळ लागली नाही. हंगामातील सर्वांत मौल्यवान खेळाडूचे पारितोषिक मात्र त्यालाच मिळाले. विजेत्या संघास तीन कोटी, तर उपविजेत्यास एक कोटी ऐंशी लाख रुपये देण्यात आले.

२८–२५ ही धावसंख्येसारखी दिसणारी गुणसंख्या कबड्डीत फार कमी मानली जाते. अनेक प्रेक्षकांना सामना रुक्ष वाटला. पण जुन्या हुतुतूच्या जाणकाराला त्यात ओळखीचे काही सापडले असावे. जेथे एक गुण मिळविण्यासाठी तीन-तीन मिनिटे दम घालावा लागे आणि कोपऱ्यातला गडी मांजरासारखा दबा धरून बसे, अशा मातीवरच्या सामन्यांच्या वळणाचा तो खेळ होता. लीगने आणलेल्या वेगाच्या नियमांमुळे ही गोष्ट दुर्मिळ झाली आहे.

या यशाचा परिणाम मोजताना उत्साहास आवर घालावा लागतो. राज्य संघाच्या यशाशी त्याचा थेट संबंध जोडता येत नाही. महाराष्ट्राने जानेवारी २०१८ मध्ये हैदराबाद येथे रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, ते अकरा वर्षांच्या खंडानंतर. त्यानंतर राष्ट्रीय मैदानावर उत्तरेकडील राज्ये, रेल्वे व सेनादल यांचेच पारडे जड राहिले. लीगमधील खेळाडूंची प्रादेशिक गणना केली, तर हरयाणाचा वाटा सर्वांत मोठा भरतो. तेथे गावागावांत अकादमी आहेत आणि शासकीय नोकरीची हमी आहे. महाराष्ट्रात मंडळांची परंपरा जुनी, पण मॅटवर सराव करण्याची सोय ग्रामीण भागात तुटपुंजी. मातीवर तयार झालेल्या खेळाडूचे पाय मॅटवर वेगळे पडतात. बूट घालून खेळावे लागते, घसरण्याचा अंदाज बदलतो. युवा पलटणसारख्या यंत्रणांचे महत्त्व येथे आहे. राज्याचे काम त्या परस्पर करीत आहेत. त्यांच्या निवडीचे निकष मात्र संघाच्या गरजेचे आहेत. राज्याच्या गरजेचे असण्याचे त्यांच्यावर बंधन नाही.

विजेता संघ पुढे एकत्र राहिला नाही. ऑगस्ट २०२४ मधील लिलावात शादलूला हरयाणा स्टीलर्सने २ कोटी ७ लाख रुपयांना घेतले. अकराव्या हंगामात अस्लम इनामदार दुखापतीमुळे मध्येच बाहेर पडला आणि पुण्याला बाद फेरी गाठता आली नाही. त्या हंगामाचा अंतिम सामना २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यातच, बालेवाडीला झाला; तेथे हरयाणाने पाटण्याला ३२–२३ असे हरवून आपले पहिले विजेतेपद मिळविले, आणि शादलू सलग दुसऱ्या वर्षी विजेत्या संघात होता. बाराव्या हंगामासाठी पुण्याने भारताचा माजी कर्णधार अजय ठाकूर याला प्रशिक्षक नेमले. बऱ्या झालेल्या अस्लमच्या नेतृत्वाखाली संघ पुन्हा अंतिम फेरीत पोचला. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत झालेल्या त्या सामन्यात दबंग दिल्लीने त्याला ३१–२८ असे हरविले. हैदराबादेत ज्या अठ्ठावीस गुणांवर विजेतेपद मिळाले होते, तेवढेच गुण या वेळी तीनने अपुरे पडले.